आजारी कोंबडीला कधी सोडवावं?

तुम्ही विचारलंय, कोंबडी उठत नाही, मारून टाकावी की वाट पाहावी. आवडीचं खाणं चोचीपाशी धरूनही तोंड फिरवते, पाणी पाजावं लागतं, बाकीच्या तिच्या तुऱ्याला टोचायला लागल्या, की वाट पाहणं पुरे. कोंबडी दुखणं लपवते. आपल्या ध्यानात येईपर्यंत बरंच हाताबाहेर गेलेलं असतं.

इंदूरला आमच्या मागच्या अंगणात झाबुआच्या कडकनाथ होत्या. त्यातली एक तलंग, म्हणजे अंड्यावर यायची तरुण कोंबडी, लंगडायला लागली, मग एक पाय पुढे, एक मागे, अशी कुशीवर पडूनच राहिली. महूला गुरांच्या डॉक्टरकीचं शिकलेल्या डॉक्टरांनी बघताच सांगितलं, मॅरेक्स, म्हणजे कोंबड्यांचे पाय लुळे पाडणारा विषाणूचा रोग, औषध नाही. लस पिल्लू निघाल्या दिवशीच टोचतात, नंतर उपयोग नाही. तरी थोरले भाऊजी म्हणाले, "देवानं दिलेला जीव तोच नेईल, आपण कशाला पाप घ्यायचं?" दर रविवारी मटण हाणणारा माणूस! ठेवली डालग्याखाली. सकाळी बघते तर डोळ्याच्या कडेला मुंग्या, आणि तिला मानही झटकता येईना. उचलली तर छातीचं हाड विळ्याच्या पात्यासारखं हाताला लागलं.

डॉक्टरांनी समोर उभं राहून दाखवलं आणि मान मीच ओढली. कवटीखाली बोटांना फट लागली की काम झालं. त्यानंतर पंख जोरात फडफडतात. भाऊजींनी तेवढंच पाहिलं, आणि प्रत्येक लग्नकार्यात सांगतात, "हिनं तडफडवून मारली." अहो, मणका नीट सुटला असेल तर ती फडफड आपोआप होते. तडफड डालग्याखाली रात्रभर चालली होती, तेव्हा भाऊजी घोरत होते.

हां, खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या नादात असलेली कोंबडीही बसून राहते, तिला आजारी समजू नका. अंडं अडकलं असेल तर कोमट पाण्यात बसवून सुटतं कधीकधी. तीन किलोच्या वरच्या पक्ष्याची मान हातानं ओढू नका, आणि आधी कुणी दाखवल्याशिवाय तर मुळीच नाही, डॉक्टरांकडे न्या. एकदम चार-पाच मरायला लागल्या तर हात न लावता सरकारी दवाखान्यात कळवा.

आणि ती खायची नाही, चुना टाकून खोल पुरायची. संध्याकाळी "रस्सा का नाही केला?" असं विचारणारेही भाऊजीच.