वापरलेला ट्रेलर घ्यायचाय, इंजिन कोणतं बघू? (पीथमपूर ते न्हावा शेवा)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरजवळच्या पीथमपूरहून न्हावा शेवा बंदरात कंटेनर ओढायचे, गाडी एकच आणि तीही सेकंडहँड, आणि समोर तीन उभ्या आहेत. २०१६ची टाटा ४०१८, कमिन्स कंपनीचं ५.९ लिटरचं इंजिन, बीएस-३ (बीएस म्हणजे धुराचे सरकारी नियम, आकडा मोठा तितके कडक). २०१८च्या सुरुवातीची लेलँड ४९२३, बीएस-४. आणि २०२१ची टाटा, कमिन्स ६.७ लिटर, बीएस-६, जिला कर्ज काढावं लागेल. यातलं इंजिन कोणतं चांगलं?

मी इंदूरचाच. देवास नाक्यावर एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे अकरा वर्षं हिशेब लिहिले, मग हिंमत करून स्वतःच्या दोन गाड्या घातल्या. (रामबागेतल्या काकू अजून विचारतात, "बँकेचा फॉर्म का नव्हता भरला रे?") मी मिस्तरी नाही, पण इंजिनांची बिलं भरपूर पाहिली आहेत.

लोहामंडीत कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: "कमिन्स ले लो भिया, आँख बंद करके." इंजिन चांगलं आहे यात वाद नाही. पण वापरलेल्या गाडीत मी आधी सायलेन्सरकडे काय काय लटकवलंय ते बघतो, आणि धामनोद ते धुळे या टप्प्यात ते कोण उघडू शकतं हे विचारतो. नावाचा नंबर त्यानंतर.

बीएस-३ गाड्यांची विक्री ३१ मार्च २०१७ला बंद झाली, बीएस-४ची ३१ मार्च २०२०ला. तुमची ४०१८ पहिल्या खेपेतली. धुराच्या बाजूला फारसं काही नाही, रस्त्यावरचा मिस्तरी हात घालू शकतो. मात्र ५.९ कमिन्स कॉमन रेलचं असेल, म्हणजे एका नळीत भारी दाबाने डिझेल साठवून कंप्यूटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून सोडणारं, तर "जुनी आहे म्हणजे पंपवाली" हा समज सोडा. कॉमन रेलच्या इंजेक्टरला भेसळीचं डिझेल सोसत नाही, आणि हायवेवर 'बायोडिझेल' म्हणून जे स्वस्त काही विकलं जातं ते तर मुळीच नाही. बीएस-४मध्ये वाट फुटली. कोणी यूरिया घेतला, म्हणजे धुरावर ३२.५ टक्के यूरियाचं पाणी फवारणारी यंत्रणा. लेलँडने मात्र आयईजीआर नावाने धुराचाच काही भाग थंड करून परत इंजिनात सोडला, त्यामुळे त्या गाडीला यूरियाची टाकी नाही. बीएस-६मध्ये यूरिया आहे आणि वर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टरही. भरल्या गाडीने हायवेवर पळताना तो काजळी जाळून स्वतःला साफ करतो. बंदराच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीत ती साचत जाते.

यूरियाबद्दल माझ्या अंगावर काय आलं ते सांगतो. माझी दुसरी गाडी बीएस-४, यूरियावाली, एका ओळखीच्या दलालाकडून घेतली. चालवून पाहिली, ओढ चांगली, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. मला वाटलं, जपलेली गाडी. त्याच पावसाळ्यात सव्वीस टन माल घेऊन सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट लागला आणि गाडीचा जीवच गेला. इंजिन चालू, पण पायाखाली काही येईना. ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये रांगत कसाबसा कडेला आला. मिस्तरीला फ्यूज बोर्डामागे काडेपेटीएवढी डबी सापडली. आधीच्या मालकाने यूरियाची यंत्रणा बंद करून ती बसवली होती. ती ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कंप्यूटरला, सतत सांगायची की सगळं ठीक आहे. वायरिंगमध्ये पाणी गेलं, डबी गप्प झाली, आणि ईसीएमने ताकद कापली. नॉक्स सेन्सर (धुरातला विषारी वायू मोजणारा), यूरियाचा पंप, वायरिंग आणि टोचन, म्हणजे गाडी ओढून नेणं, मिळून लाखाच्या वर गेले, शिवाय भाडं बुडालं ते वेगळं. तेव्हापासून यूरियावाल्या गाडीत मी आधी टाकीचं झाकण उघडतो. आत धूळ असेल तर चहा पिऊन घरी. नळीच्या तोंडाशी थोडी पांढरी खडी दिसली तर उलट बरं वाटतं, म्हणजे यंत्रणा निदान वापरात आहे. टाकी सुकी आणि डॅशबोर्ड गप्प, तर बहुतेक अशीच काही छेडछाड. तुमची २०२१ची याच कसोटीला लावा.

आता हॉर्सपॉवर. मॉडेलच्या आकड्यातले पहिले दोन अंक म्हणजे टन, पुढचे दोन म्हणजे हॉर्सपॉवरचा दहावा भाग. ४०१८ म्हणजे ४० टनांना १८० हॉर्सपॉवर, टनाला साडेचार. ४९२३ म्हणजे ४९ टनांना २३०, टनाला ४.७. पूर्ण भरल्या की मानपूरच्या घाटात दोघी जवळपास सारख्याच हळू चढणार. फरक तुमच्या मालाने पडतो. सव्वीस टन माल, त्यात कंटेनर, ट्रेलर आणि घोड्याचं, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या गाडीचं, वजन मिळवा. काटा चाळीस-बेचाळीस दाखवेल. एवढ्या वजनाला २३०वाली टनाला साडेपाचच्या आसपास देते. ४०१८ कागदावर आधीच ओव्हरलोड आहे, आणि ओव्हरलोडचा दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. पंधरा-सोळा टनांचा हलका माल असेल तर मात्र ४०१८ खुशाल घ्या, तिच्यासारखी बिनतक्रार गाडी नाही. आरसीवरचा टनाचा आकडा बघूनच भाव करा. जुलै २०१८मध्ये केंद्राने ॲक्सलवरचं वजन वाढवलं, ४९ची मर्यादा ५५ झाली, आणि विकणारे जुन्या गाडीबद्दलही "पचपन पास है" म्हणून मोकळे होतात.

कमिन्सबद्दल एक गोष्ट दलाल सांगत नाहीत. ५.९ आणि ६.७ दोन्हींमध्ये लायनर, म्हणजे सिलिंडरची बदलता येणारी नळी, नसतो. पिस्टन थेट ब्लॉकमध्ये कोरलेल्या सिलिंडरमध्ये चालतो. झिजलं की लायनर-पिस्टनचा सेट बदलून दोन दिवसांत गाडी बाहेर, असं होत नाही. ब्लॉक मशीनवर जातो, बोअर मोठा करून अर्धा मिलिमीटर जादा मापाचे पिस्टन बसतात, फार तर एकदा आणखी अर्धा. म्हणून "इंजिन बांधलंय साहेब" म्हणाले की बिल मागा आणि पिस्टनचं माप विचारा. एक मिलिमीटर आधीच झालं असेल तर त्या ब्लॉकला पुढचा बोअर नाही, आत नवी नळी, म्हणजे स्लीव्हच, ठोकावी लागणार.

गाडी बघायला पहाटे जा, न कळवता. ब्लॉकला हात लावा, थंडगार हवा. कोमट असेल तर कोणीतरी तुमच्या आधी चालू करून धूर घालवला आहे. चालू झाल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबेना तर पाणी आत येत असेल, नाहीतर इंजेक्टर बिघडले असतील. मग ऑइल भरायचं झाकण काढून उलटं जागेवर ठेवा. किंचित थरथरलं तर चालेल, नाचून उडालं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. रेडिएटरचं पाणी गंजासारखं तांबूस निघालं तर मालकाने कूलंटच्या जागी नळाचं पाणी घातलंय, आणि अशा मालकाने ऑइलही वेळेवर बदललं नसणार. लेलँडच्या बाबतीत ईजीआरचा कूलर, म्हणजे परत सोडायचा धूर थंड करणारा भाग, तपासाच. तो आतून गळला की पाणी कमी होतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही. शेवटी स्कॅनर लावून ईसीएममधले किलोमीटर आणि तास बघा. मीटर मागे फिरवणारे गल्लोगल्ली आहेत, पण ईसीएमपर्यंत सगळ्यांचा हात पोचत नाही.

ॲव्हरेजचे दावे मी ऐकून घेतो आणि विसरतो. हिशेब मात्र करा. महिन्याला सहा फेऱ्या, येऊन-जाऊन बाराशे किलोमीटर, म्हणजे ७,२०० किलोमीटर. लिटरला ३.२ देणारी गाडी २,२५० लिटर पिते, ३.५ देणारी २,०५७. नव्वद रुपये लिटर धरला तरी महिन्याला सतरा हजारांहून जास्त फरक. म्हणून मालकाला नाही, ड्रायव्हरला गाठा. त्याला चहा पाजून विचारा, फेरीला मालक किती लिटर देतो. ड्रायव्हर हे खोटं सांगत नाही, त्याचं पोट त्यावर असतं.

तर मी तुमच्या जागी असतो तर २०१८ची लेलँड आधी तपासली असती. वजनात बसते, यूरियाचं झंझट नाही, कर्ज नाही. ईजीआरमुळे ऑइल लवकर काळं पडतं, ते कंपनीने सांगितलेल्या वेळेआधी बदलायचं आणि त्यात कंजूषी करायची नाही. भाव असा करा की दीडदोन लाख हातात उरतील, ते इंजेक्टर आणि टर्बोला लागतीलच. २०२१ची तेव्हाच, जेव्हा सर्व्हिसची सगळी बिलं मिळतील आणि महिनाभर भाडं नाही मिळालं तरी हप्ता भरता येईल.

सौदा करण्याआधी ब्लॉकवरचा इंजिन नंबर स्वतः पुसून आरसीशी जुळवा. इंजिन बदललेल्या गाड्या बाजारात फिरतात. जुनं कर्ज असेल तर फायनान्सरची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, ४०१८ त्यात आलीच, लेलँडचाही नंबर लागतो.

लेलँड कुठे उभी आहे ते लिहा. पालद्याच्या बाजूला असेल तर माझा मिस्तरी तिथेच बसतो. सकाळी सहाला येतो, पण चहा आधी लागतो.