सगळ्यात खालचं मॉडेल कुणासाठी असतं?

मागच्या अंकात मी एक ओळ लिहून गेलो होतो: कुठल्याही कंपनीचा सगळ्यात स्वस्त लॅपटॉप घेताना त्यात काय दिलंय यापेक्षा काय काढून घेतलंय ते आधी बघा. त्यावर एवढी पत्रं आली की प्रिंटर आणि वायफायवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार. पत्रं थोडी छाटली आहेत, सूर तसाच ठेवलाय.

प्रश्न : मुलगी पुण्याला मास कम्युनिकेशनला चालली आहे. मॅकबुक एअर घ्यायचं ठरलंय, तेही सगळ्यात खालचं, एम4 चिपचं, 16 जीबी रॅम आणि 256 जीबी स्टोरेजवालं. त्यावरून घरात दोन तट पडलेत. माझा भाऊ म्हणतो, ‘साडीच्या दुकानात पहिली साडी दाखवतात ती विकायला नसते, दुसरी विकायला असते. हे मॉडेल तसलंच. खरा लॅपटॉप म्हणजे मॅकबुक प्रो.’ पुतण्या म्हणतो, एअर म्हणजे खालचं मॉडेल नव्हेच, तेच त्यांचं मुख्य मॉडेल आहे. आमचं बजेट एक लाखाचं. कुणाचं ऐकू?
– एक आई, मिरज

ताई, खरेदी पुतण्याच्या सल्ल्याने करा. पण भावाचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही, ते कसं ते सांगतो.

स्टीव्ह जॉब्स ॲपलमध्ये परतल्यावर 1998 साली त्यांनी कंपनीचा सगळा पसारा चार चौकटींत बसवला: घरगुती आणि व्यावसायिक, टेबलावरचं आणि सोबत न्यायचं. घरगुती लॅपटॉपची चौकट तेव्हा रिकामी होती. ती 1999 मध्ये आयबुकने भरली. 1,599 डॉलर किंमत, नारिंगी किंवा निळा रंग आणि उचलायला मूठ. व्यावसायिकांच्या पॉवरबुक लॅपटॉपमधले चार भाग काढून हा बनवलाय असं त्याच्याकडे बघून कुणी म्हणालं नसतं. स्वस्त होता, पण त्याचा तोंडवळा स्वतःचा होता.

2006 मध्ये पांढरा मॅकबुक आला, 1,099 डॉलरचा. लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या वर्कशॉपात हा आला की मी खूश व्हायचो. उलटा करायचा, खिशातलं रुपयाचं नाणं बॅटरीच्या खाचेत घालून फिरवायचं, बॅटरी हातात. आत एल आकाराची एक पट्टी, तिला तीन स्क्रू. ते काढले की रॅमच्या दोन्ही पट्ट्या आणि हार्ड डिस्क समोर. गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत रॅम बदललेली असायची. म्हणजे कंपनीने खालच्या मॉडेलमध्ये रॅम कमी दिली तरी बिघडत नव्हतं, उरलेली आमच्याकडून बाजारभावाने घेता यायची. त्याच मालिकेत एक काळा मॅकबुकही होता, 1,499 डॉलरचा. पांढऱ्यात त्याच्याएवढी हार्ड डिस्क टाकून घेतली तरी काळा 150 डॉलरने महागच पडायचा. ते दीडशे डॉलर निव्वळ रंगाचे. तुमच्या भावाला हे सांगा, त्याला बरं वाटेल.

एअर मात्र स्वस्त म्हणून जन्माला आलेलंच नाही. 2008 मध्ये जॉब्सनी पाकिटातून काढून दाखवलं तेव्हा त्याची किंमत 1,799 डॉलर होती, शौकिनांची चीज. ऑक्टोबर 2010 मध्ये 11 इंची एअर 999 डॉलरला आलं, जुलै 2011 मध्ये पांढरा मॅकबुक दुकानांतून गेला आणि त्याची जागा एअरला मिळाली. किंमत साधारण तीच राहिली, पण नाण्याचं काम संपलं. एअरची रॅम पहिल्यापासून बोर्डावर सोल्डर केलेली. घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर.

तेव्हापासून खालच्या मॉडेलचा अर्थच बदलला. आधी ‘सुरुवात इथून करा, पुढे वाढवा’ असं होतं, आता ‘काय ते आत्ताच ठरवा’ असं झालं. आणि ठरवण्याची किंमत बघा. एम4 एअर भारतात आलं ते 99,900 रुपयांना, विद्यार्थ्यांसाठी 89,900. स्टोरेज 512 केलं की 20,000 वाढले. रॅम 24 केली की आणखी 20,000. इथवर आलात की दुकानदार सहज म्हणतो, ‘थोडे टाकले तर प्रो येईल.’ 14 इंची प्रो तेव्हा सुरू व्हायचा 1,69,900 ला. भावाचं साडीचं दुकान हेच.

काढून घेण्याचे प्रकारही मासलेवाईक. 2020 च्या एम1 एअरच्या खालच्या मॉडेलमध्ये ग्राफिक्सच्या आठपैकी सातच कोअर चालू होत्या. त्याने कुणाचं काही अडलं नाही. पण 2022 च्या एम2 एअरमध्ये 256 जीबीसाठी स्टोरेजची एकच चिप बसवली. आधीच्या एम1 मध्ये 128 च्या दोन होत्या, दोघी मिळून काम करायच्या. चाचण्यांत नव्या यंत्राचा स्टोरेजचा वेग जुन्याच्या जवळपास निम्मा भरला. डब्यावर मात्र दोन्हीकडे 256 च लिहिलेलं. एम3 ला पुन्हा दोन चिपा आल्या.

आता तुमच्या मुलीचं. तिच्या यंत्रातून काढलंय ते स्टोरेज, रॅम नव्हे. ऑक्टोबर 2024 पर्यंत एअरची सुरुवात 8 जीबीवर व्हायची आणि तेव्हा मी व्हिडिओ एडिटिंगवाल्या पोरांना खालचं मॉडेल घेऊ देत नसे. आता सुरुवातच 16 वर आहे. मास कम्युनिकेशनच्या व्हिडिओला, आवाजाच्या कामाला तेवढी पुरते. कमी पडेल ती जागा, आणि जागा बाहेरून जोडता येते. एअरला थंडरबोल्टचे, म्हणजे यूएसबी-सी आकाराचेच पण वेगवान, दोन पोर्ट आहेत, चार्जिंगची मॅगसेफ वेगळी, म्हणजे दोन्ही पोर्ट मोकळे. चांगल्या कंपनीची एक टीबीची बाहेरची एसएसडी घ्या, एडिटिंगच्या फाइली तिच्यावरच ठेवायची सवय लावा. पेनड्राइव्ह नको, एसएसडीच. आणि कॉलेजचं ओळखपत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका, 10,000 वाचतात.

प्रश्न : 12 इंची मॅकबुकला तुम्ही ‘जागा चुकलेलं यंत्र’ म्हणालात, ते पटलं नाही. मी ते 2015 ला घेतलं, लोकलमधून, विमानातून सगळीकडे नेलं. एक किलोच्याही आत वजन, पंखा नाही. खालच्या मॉडेलकडून आणखी काय हवं?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

यंत्र सुंदर होतं, त्याबद्दल वाद नाही. वाद ते कुठे उभं केलं याबद्दल आहे. नाव नुसतं ‘मॅकबुक’, मागेपुढे काही नाही. पूर्वी ते नाव पांढऱ्या, स्वस्त यंत्राचं होतं. म्हणून लोक समजले, हेच सुरुवातीचं. किंमत होती 1,299 डॉलर, म्हणजे एअरच्या वर. आत इंटेलचा कोअर एम, म्हणजे ताकद एअरच्या खाली. आणि चार्जिंगला, पडद्याला, पेनड्राइव्हला मिळून एकच यूएसबी-सी पोर्ट. जून 2017 मध्ये तर कमाल झाली, 13 इंची प्रोसुद्धा 1,299 पासूनच सुरू झाला. ‘मॅकबुक’ आणि ‘मॅकबुक प्रो’ एकाच किमतीला! त्याच वेळी त्यांच्या खाली 999 ला जुनं एअर उभं, जुन्याच पडद्याचं, आणि ते खपत होतं. नाव सगळ्यात साधं, किंमत मधली, ताकद सगळ्यात कमी. गिऱ्हाइकाने हिशोब लावायचा कसा? जुलै 2019 मध्ये ॲपलनेच ते बंद केलं आणि एअरला पुन्हा खाली आणून बसवलं.

नावाचा खेळ त्याआधीही झालाय. ऑक्टोबर 2008 मध्ये ॲल्युमिनियमचा 13 इंची मॅकबुक आला, फायरवायर, म्हणजे व्हिडिओ कॅमेरा जोडायचा पोर्ट, काढून टाकलेला. व्हिडिओवाले खवळले. जून 2009 मध्ये त्याच देहाला फायरवायर परत दिलं, मेमरी कार्डाची खाच दिली आणि नाव दिलं मॅकबुक प्रो. आठ महिन्यांत बढती! पांढरा बिचारा एकटाच मॅकबुक म्हणून खाली राहिला.

तुमचं यंत्र अजून चालत असेल तर खुशाल वापरा. पण ते घरगुती यंत्र नव्हतं, ते सतत फिरणाऱ्यांचं होतं. तुम्ही त्यातले, म्हणून तुम्हाला ते मानवलं.

प्रश्न : ॲपल पन्नास हजारांचा लॅपटॉप का काढत नाही? आमच्या विद्यार्थ्यांनी काय करायचं?
– एक शिक्षक, लातूर

सर, ऑक्टोबर 2008 मध्ये जॉब्सना हाच प्रश्न डॉलरमध्ये विचारला गेला होता. तेव्हा नेटबुक नावाच्या छोट्या, स्वस्त लॅपटॉपची लाट होती. त्यांचं उत्तर साधारण असं, की पाचशे डॉलरचा संगणक भंगार न होऊ देता कसा बनवायचा ते आम्हाला ठाऊक नाही. सव्वा वर्षाने, जानेवारी 2010 मध्ये, त्यांनी 499 डॉलरचा आयपॅड पुढे केला. लॅपटॉप नाहीच दिला.

खालची जागा भरायची ॲपलची नंतरची रीत मला यात दिसते. स्वस्त यंत्र नव्याने आखायचे नाहीत, काल वर होतं ते आज खाली सरकवायचे. 2019 पर्यंत विकलं गेलेलं जुन्या पडद्याचं एअर तसंच. मार्च 2024 मध्ये अमेरिकेत वॉलमार्टने एम1 एअर 699 डॉलरला विकायला घेतलं तेही तसंच, 2020 चं यंत्र, 8 जीबी आणि 256. मला ही रीत वाईट वाटत नाही. मुद्दाम हलकं बनवलेल्या नव्या यंत्रापेक्षा एकेकाळी चांगलं म्हणून बनवलेलं जुनं केव्हाही बरं. चार जीबी रॅम आणि 64 जीबी ईएमएमसीचे (म्हणजे स्वस्तातल्या, हळू स्टोरेजचे) ‘विद्यार्थी स्पेशल’ विंडोज लॅपटॉप टेबलावर आले की मला काही करताच येत नाही, कारण त्यांच्यात रॅमही चिकटवलेली आणि स्टोरेजही. ते मात्र पोरांना घेऊ देऊ नका. त्यापेक्षा कंपन्यांनी वापरून सोडलेले चांगले बिझनेस लॅपटॉप, पावती आणि वॉरंटीसह मिळत असतील, तर बघा.

प्रश्न : सीएच्या ऑफिससाठी लेनोवोचे डझनभर थिंकपॅड लॅपटॉप घ्यायचेत. ‘ई’ मालिका म्हणजे खरा थिंकपॅड नाही, ‘टी’ घ्या, असं भागीदार म्हणतात.
– एक सीए, नाशिक

‘ई’चं मूळ 2010 च्या थिंकपॅड एजमध्ये, लहान धंद्यांसाठी काढलेलं. बांधणी ‘टी’च्या तोडीची नाही, हे खरं. पण गंमत अशी, की एक्स1 कार्बन हे शिखरावरचं मॉडेल, त्याची रॅम पहिल्यापासून सोल्डर केलेली. ई14 च्या सहाव्या पिढीत मात्र रॅमचे दोन्ही स्लॉट उघडे आहेत. काही आधीच्या पिढ्यांत एक भाग बोर्डावर, एक स्लॉट मोकळा. स्वस्तवाला उघडता येतो, महागवाला नाही. टॅली, एक्सेल आणि रिटर्न भरायला ‘ई’ पुरे. कोटेशनवर पिढी लिहून घ्या, आणि मोकळा स्लॉट किती तेही. वाचलेल्या पैशांत ऑनसाइट वॉरंटी, म्हणजे माणूस ऑफिसात येऊन दुरुस्त करतो ती, वाढवा. मार्चअखेरीला एखादं यंत्र बसलं की ती आठवेल.

प्रश्न : ‘मॅकबुक एअर 2020, उत्तम स्थितीत’ अशी जाहिरात बघितली. किंमत फारच आकर्षक आहे. घेऊ का?
– एक वाचक, फोंडा

आधी विचारा, 2020 मधलं कुठलं? त्या वर्षी एअर दोन आले. मार्चमध्ये इंटेलचं, नोव्हेंबरात एम1 चं. बाहेरून ओळखू येत नाहीत. यंत्र चालू करून वर डाव्या कोपऱ्यातलं सफरचंद दाबा, ‘अबाउट धिस मॅक’ उघडा. तिथे ‘चिप’ आणि पुढे एम1 असेल तर बोलणी पुढे न्या. ‘प्रोसेसर’ आणि पुढे इंटेल असेल तर सोडून द्या, कारण 2025 ची टाहो ही मॅकओएस, म्हणजे मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम, इंटेलच्या एकाही एअरवर चालत नाही. किंमत आकर्षक आहे त्याचं कारण बहुधा हेच.

एम1 निघालं तरी 8 जीबी की 16 ते बघा. शिवाय बाहेरचा पडदा त्याला एकच लागतो. दोन पडदे हवे असतील तर डिस्प्लेलिंकचा वेगळा डॉक, म्हणजे यूएसबीवरून जादा पडदे जोडणारी पेटी, घ्यावा लागेल, तो खर्च धरा. आणि विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याच्या ॲपल आयडीतून बाहेर पडून यंत्र पुसायला लावा. नव्याने चालू करताना जुन्या मालकाचा पासवर्ड किंवा एखाद्या कंपनीचं नाव पडद्यावर आलं, तर पैसे खिशातच राहू द्या.