वाचक विचारतात: भाच्याचे डॉलर आणि चिखलीचे दहा हजार

या वेळची तिन्ही पत्रं वेगवेगळी दिसली तरी भांडण एकच आहे, घरातलं पोरगं शिकायला बाहेर गेलं की सरकार त्याला वेगळं धरतं का घरातच मोजतं. दोन पत्रं अमेरिकेची आहेत आणि एक आपल्या कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचं.

प्रश्न: माझी थोरली बहीण न्यू जर्सीत असते, ती आणि दाजी दोघंही तिकडचे सिटिझन, मुलगा पण. २०२० ला कोरोनात तिकडच्या सरकारने सगळ्यांना १२०० डॉलर दिले, पण भाच्याला एक पैसा आला नाही, तेव्हा तो २० वर्षाचा होता, दुसऱ्या राज्यात कॉलेजला, डॉर्ममध्ये राहायचा. त्याच्या रूममेटला मात्र आले. आता तो नोकरीला लागलाय आणि गेल्या महिन्यात इकडे आला तर जेवताना आईला म्हणतो, माझे डॉलर तुम्हीच खाल्ले. बहिणीला काय उत्तर द्यावं ते सुचेना. त्याला ते पैसे मिळायला हवे होते का? अजून मिळतील का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: ताई, आधी भाच्याला सांगा की पहिल्या दोन वेळचे कुणीच खाल्ले नाहीत, ते आलेच नव्हते. आणि तिसऱ्या वेळचे मात्र बहुतेक आईबाबांच्या खात्यात आले असणार, तेव्हा भांडायचंच असेल तर त्याच्यावर भांड म्हणावं.

झालं असं की अमेरिकेने तीन वेळा पैसे वाटले. मार्च २०२० चा कायदा, माणशी १२०० आणि १७ वर्षाच्या आतल्या पोरामागं ५००. मग डिसेंबर २०२० ला माणशी ६०० आणि १७ च्या आतल्या पोरालाही ६००. आता यात २० वर्षाचा कॉलेजचा पोरगा कुठं बसतो बघा. आईबापाच्या टॅक्स रिटर्नमध्ये तो डिपेंडंट, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेला, म्हणून त्याला स्वतःला १२०० नाहीत, आणि वय १७ च्या वर म्हणून त्याच्या नावाने आईबापाला ५०० पण नाहीत. ना इकडचा ना तिकडचा. लाखो कॉलेजची पोरं अशी मधल्यामधे लटकली आणि मला विचाराल तर तो कायदाच अर्धवट होता, कारण हॉटेलातल्या वगैरे पार्टटाइम नोकऱ्या पहिल्यांदा याच पोरांच्या गेल्या.

बरं, तेव्हा पुष्कळ घरांत एक युक्ती निघाली होती, की आईबापानं रिटर्नमध्ये पोराचं नावच घालायचं नाही म्हणजे पोराला १२०० मिळतील. तसं होत नाही. तिथला नियम 'नाव घातलंय का' असा नाहीच, 'नाव घालता येतं का' असा आहे. घालता येत असेल तर तुम्ही घाला नाहीतर सोडा, पोरगा अपात्रच.

आणि नाव घालता येतं का हे कशावर ठरतं तर वर्षअखेरीला वय २४ च्या आत, वर्षातले निदान पाच महिने फुलटाइम विद्यार्थी, अर्ध्याहून जास्त वर्ष आईबापाकडे राहणं, आणि स्वतःच्या खर्चातला अर्ध्याहून जास्त भाग स्वतः न उचलणं. राहण्याच्या बाबतीत लोक फसतात, डॉर्म म्हणजे वेगळं घर असं वाटतं, पण शिक्षणासाठी बाहेर राहणं हे घरीच राहिल्यासारखं धरतात. खरी मेख खर्चात आहे. समजा भाच्याचा वर्षाचा राहणं, खाणं, फी असा सगळा खर्च ४०,००० डॉलर झाला आणि त्यातले २२,००० त्याने स्वतःच्या नावावर काढलेल्या एज्युकेशन लोनचे होते, वर ३,००० उन्हाळ्यात काम करून कमावलेले आणि खर्च केलेले, तर २५,००० त्याचे झाले, अर्ध्याच्या वर, मग तो डिपेंडंट नाही आणि १२०० चा हक्कदार. स्कॉलरशिप मात्र त्याच्या बाजूला मोजत नाहीत, आणि कमावून बँकेत ठेवलेले पण मोजत नाहीत, खर्चलेलेच मोजायचे. रूममेटला आले ते बहुधा यामुळेच, एकतर कर्ज त्याच्या नावावर असेल किंवा वय २४ झालं असेल. (किंवा त्यानं चुकीचा फॉर्म भरला असेल, तसेही खूप होते, पुढचं पत्र वाचा.)

तिसऱ्यांदा मार्च २०२१ ला माणशी १४०० दिले तेव्हा ही चूक दुरुस्त केली, डिपेंडंट कुठल्याही वयाचा चालेल असं केलं. पण ते पैसे पोराच्या हातात नाही, ज्यांनी त्याला रिटर्नमध्ये दाखवलं त्यांच्या खात्यात. नवराबायकोचं एकत्र उत्पन्न दीड लाख डॉलरपर्यंत असेल तर पूर्ण, १ लाख ६० हजारला शून्य. म्हणजे बहीण-दाजींचं उत्पन्न बसत असेल तर भाच्याचे १४०० त्यांना आलेत आणि कायद्याने ते त्यांचेच, आता घरात काय करायचं ते घराने बघावं.

अजून मिळतील का, तर नाही. राहिलेले पैसे २०२० च्या रिटर्नमध्ये मागायची मुदत १७ मे २०२४ ला संपली आणि २०२१ च्या रिटर्नमध्ये मागायची १५ एप्रिल २०२५ ला. गंमत म्हणजे भाचा २०२१ मध्येच स्वतंत्र झाला असता, तर आईबापाला त्याच्या नावाने आधीच आलेले १४०० परत न करता त्यालाही स्वतःच्या रिटर्नमध्ये वेगळे १४०० मागता आले असते. पण तुम्ही सांगता त्या वयावरून २०२१ ला तो अजून कॉलेजातच, म्हणजे तेही नाही.

प्रश्न: मुलगा ऑगस्ट २०१९ ला एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर एमएसला गेला. एप्रिल २०२० ला त्याच्या खात्यात आपोआप १२०० डॉलर आले, पुढे ६०० पण आले. मित्र म्हणाले सरकारनेच दिलेत, वापर. आता ग्रीन कार्डचं चालू आहे आणि वकील टॅक्सचे जुने कागद मागतोय, पोराची झोप उडालीय. दुसरं असं की त्याचा सगळा खर्च मी केला, मग तो माझा डिपेंडंट म्हणून मला इकडे किंवा तिकडे काही सूट मिळते का? (एक वडील, गडहिंग्लज)

उत्तर: काका, ते पैसे त्याचे नव्हते, परत करायचे, पण यात कुणी धरून नेत नाही, पोराला झोपू द्या.

एफ-वन वाला विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्सच्या हिशोबाने नॉनरेसिडेंट, म्हणजे तिकडचा रहिवासी नसलेला, असतो, आणि ऑगस्टला गेला तरी २०१९ हे अख्खं एक वर्ष मोजतात, म्हणजे २०१९ ते २०२३. नॉनरेसिडेंटला या तिन्ही वाटपातलं काहीच नव्हतं. मग आले कसे, तर त्यानं २०१९ चं रिटर्न भरताना नॉनरेसिडेंटचा १०४०-एनआर फॉर्म सोडून रेसिडेंटचा साधा १०४० भरला असणार, पोरं फुकटच्या सॉफ्टवेअरवर पटापट बटणं दाबतात आणि ते सॉफ्टवेअर नॉनरेसिडेंटसाठी नसतंच. साधा फॉर्म दिसला की आयआरएसनं (तिकडच्या आयकर खात्यानं) त्याला रेसिडेंट धरून पैसे टाकले.

आता करायचं ते असं की 'यूएस ट्रेझरी'च्या नावाने चेक, त्यावर ते पैसे कुठल्या वर्षाचे आणि कसले ते आणि स्वतःचा सोशल सिक्युरिटी नंबर, सोबत परत का करतोय त्याच्या दोन ओळी. आणि महत्त्वाचं म्हणजे चुकलेली रिटर्नं १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म लावून दुरुस्त करणं, नुसता चेक पाठवून भागत नाही. भारतीय विद्यार्थ्याला भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, बाकी बऱ्याच देशांच्या पोरांना ते नाही, त्यामुळे त्याबाबतीत फारसा फरक पडायचा नाही. पण त्या साध्या फॉर्मवर त्याने एज्युकेशन क्रेडिट (शिक्षणाच्या खर्चावरची करसवलत) घेतलं असेल तर ते व्याजासकट परत जाणार. विद्यार्थ्यांची रिटर्नं नेहमी करणारा सीपीए (तिकडचा सीए) तिकडेच गाठायला सांगा, इथल्या कुणाकडे पाठवू नका, माझ्याकडे पण नको.

तुमचं म्हणाल तर तिकडे तुम्ही टॅक्सच भरत नाही म्हणजे विषय संपला. इकडे आपल्या आयकरात पोरगा शिकतोय म्हणून डिपेंडंटची अशी सरसकट सूट नाहीच. मिळते ती एज्युकेशन लोनच्या व्याजावर, जुन्या रिजीममध्येच, जास्तीत जास्त आठ वर्षं, मुद्दलावर नाही, आणि कर्ज ज्याच्या नावावर त्यालाच. कर्ज पोराच्या एकट्याच्या नावावर आणि हप्ता तुम्ही भरताय असं असेल तर तुम्हाला काही नाही. पाहुण्यांकडनं उसने घेतले असतील तर त्याचं व्याजही चालत नाही.

प्रश्न: सर, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, गाव प्रयाग चिखली. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरात घर पाण्यात गेलं, दोन्ही वेळा बाबांना १० हजार मिळाले. शेजारच्या घरात दोन भावांना वेगवेगळे मिळाले. मी पण वेगळं रेशनकार्ड काढून ठेवलं तर पुढच्या वेळी मला मिळतील का?

उत्तर: नाही रे बाबा. ती मदत कुटुंबाला असते, माणशी नसते. २०१९ ला ग्रामीणला कुटुंबामागं १० हजार होते आणि शहराला १५, आणि पंचनाम्यात तलाठी बघतो की त्या घरात खरंच कोण राहतं आणि चुली किती. शेजारच्या दोघा भावांचे संसार वेगळे असतील. तू हॉस्टेलला, तुझी चूल मेसची. नुसतं कार्ड वेगळं काढून चूल वेगळी होत नाही आणि खोटं प्रतिज्ञापत्र करून नसतं लफडं मागं लावून घेशील.

शिवाय शिष्यवृत्तीलाही त्याचा उपयोग शून्य, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत ८ लाखांची मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नाला आहे, तुझ्या एकट्याच्या नाही, तुझं कार्ड कुठलंही असो. त्यापेक्षा पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठायच्या आधी, म्हणजे मे-जूनमध्येच, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि बाबांची जमीन कमी असेल तर अल्पभूधारक दाखला काढून घे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या पोरांनाही मिळतो आणि चिखलीतली बरीच पोरं तो मागतच नाहीत. खातं आधारला लिंक आहे का ते आजच बघ, महाडीबीटीचे (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचे) पैसे तिथंच अडकतात.