‘मॉइस्ट’ आणि ‘फ्रेश’च्या उलट काय?

‘मॉइस्ट’ आणि ‘फ्रेश’ या दोन इंग्रजी विशेषणांचे विरुद्धार्थी शब्द कोणते, आणि दोहोंच्या उलट अर्थाचा एकच सामाईक शब्द आहे का, असा प्रश्न विचारण्यात आला आहे. प्रश्नकर्त्याने स्वतः ‘ड्राय’ (कोरडे) आणि ‘स्टेल’ (शिळे) हे शब्द सुचवले आहेत. दोन्ही बरोबर आहेत. मात्र ‘ड्राय’ जवळजवळ सगळीकडे चालतो आणि ‘स्टेल’ मोजक्याच ठिकाणी, हे आधी लक्षात घ्यावे लागते.

‘मॉइस्ट’चा प्रश्न लवकर सुटतो. केक, माती, डोळे, हवा यांपैकी जे मॉइस्ट नाही ते ड्राय. प्रदेशाच्या हवामानासाठी ‘आरिड’ आणि उन्हाने करपलेल्या जमिनीसाठी किंवा कोरड पडलेल्या घशासाठी ‘पार्च्ड’ हे अधिक नेमके शब्द आहेत. ‘मॉइस्ट’मधला ओलावा बहुधा हवासा असतो, तर भिंतीत मुरलेल्या नकोशा ओलाव्याला ‘डॅम्प’ म्हणतात. पण दोहोंच्या उलट बाजूला ‘ड्राय’च असल्यामुळे केक ड्राय झाला ही तक्रार ठरते आणि भिंत ड्राय झाली हा दिलासा.

‘फ्रेश’चे तसे नाही. हा शब्द ज्या नामाला लागतो, त्यानुसार त्याचा विरोधी बदलतो. पाव फ्रेश नसेल तर स्टेल, लोणी फ्रेश नसेल तर ‘रॅन्सिड’, दूध ‘सॉर’, अंडे ‘रॉटन’, फूल ‘विदर्ड’ आणि मन ‘टायर्ड’. कोंदट खोलीतल्या हवेला मात्र ‘स्टेल’ शोभतो, आणि जुन्या झालेल्या बातमीलाही. वाटाणे फ्रेश नसतील तर ते ‘फ्रोझन’ किंवा ‘कॅन्ड’ असतात, म्हणजे त्यांत खराब झाल्याचा अर्थ मुळीच नसतो. पाण्याच्या बाबतीत विरोधी शब्द ‘सॉल्ट’ हा आहे आणि तो उपराही नाही, कारण जुन्या इंग्रजीत ‘फेर्श’ या पूर्वरूपाचा अर्थच ‘बिनमिठाचे, गोडे’ असा होता. त्यामुळे ‘फ्रेश’चा विरुद्धार्थी शब्द पाठ करताना त्याच्याबरोबर एखादे नामही पाठ करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता ‘स्टेल’ म्हणजे वाळलेले, या समजुतीकडे वळतो, कारण सामाईक शब्दाचा शोध तिथेच अडखळतो. पावाचा कालचा तुकडा कडक लागतो म्हणून त्यातले पाणी उडून गेले असे आपण धरून चालतो; परंतु 1852 मध्ये झाँ-बातिस्त बुसेंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, ओलावा बाहेर जाऊ न देता बंद करून ठेवलेला पावही शिळा होतो आणि पुन्हा तापवल्यावर बऱ्याच अंशी मऊ होतो. भाजताना फुगलेल्या स्टार्चचे रेणू थंड होताना पुन्हा रचनाबद्ध होऊ लागतात आणि त्यामुळे पावाला ताठपणा येतो. बिस्किटाचे तर अगदी उलट घडते. उघड्या डब्यातले बिस्किट मोडून पाहावे: कट्कन आवाज न होता ते आधी किंचित वाकते आणि मग तुटते. तेही इंग्रजीत स्टेलच, पण ते हवेतला ओलावा शोषून स्टेल झालेले असते. म्हणजे एकच विशेषण कडक झालेल्या पावालाही लागते आणि मऊ पडलेल्या बिस्किटालाही. अशा शब्दाला ‘मॉइस्ट’चा विरोधी म्हणता येत नाही.

आज म्हणता येत नाही, असे म्हणणे अधिक बरोबर. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसर या इंग्रज कवीने लिहिलेल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये सर थोपसच्या कथेत जायफळाचा उल्लेख येतो: ‘एल’ नावाच्या मद्यात ते घालावे, मग ते मद्य ‘मॉइस्ट’ असो की ‘स्टेल’. इथे ‘मॉइस्ट’ म्हणजे ताजे, नवे. आणि ‘स्टेल’ म्हणजे बराच काळ ठेवल्याने गाळ खाली बसून निवळलेले, मुरलेले. त्यात निंदा नव्हती. त्याच ग्रंथात एका स्त्रीचे जोडे ‘मॉइस्ट आणि नवे’ आहेत, तिथे नव्या चामड्याचा मऊपणा अभिप्रेत आहे. काही व्युत्पत्तिकार ‘मॉइस्ट’चा संबंध लॅटिनमधील ‘मुस्तेउस’ म्हणजे ताज्या द्राक्षरसासारखा, नवा, या शब्दाशी जोडतात, ते या प्रयोगांशी चांगले जुळते. प्रश्नकर्त्याला हवा असलेला सामाईक विरोधी शब्द सहाशे वर्षांपूर्वी असा अस्तित्वात होता, आणि तो ‘स्टेल’ हाच होता. मला या संपूर्ण चर्चेत सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच.

पुढे वाटा फुटल्या. ‘मॉइस्ट’कडे केवळ ओलावा उरला, ‘स्टेल’ला वाईट अर्थ चिकटला, आणि ‘मॉइस्टी’ या रूपापासून बहुधा ‘मस्टी’ हा शब्द निघाला, ज्याचा अर्थ दमट, बुरसट वासाचा असा आहे. ओलाव्याच्याच कुळातला शब्द अशा रीतीने ‘फ्रेश’च्या विरोधात जाऊन बसला.

आजच्या इंग्रजीत दोहोंच्या उलट एकदम उभा राहू शकेल असा सर्वांत जवळचा शब्द ‘ड्राइड’ हा आहे. फ्रेश अंजिरांच्या उलट ड्राइड अंजीर म्हणताना ओलावा आणि ताजेपणा हे दोन्ही एकाच शब्दाने नाकारले जातात. मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये, कारण आपल्या ‘ओला’ या शब्दात दोन्ही अर्थ आजही एकत्र नांदतात: ओला चारा म्हणजे पाण्याने भिजलेला नव्हे, तर हिरवा, नुकता कापलेला, आणि त्याच्या उलट वाळला चारा. ‘शिळा’ मात्र या जोडीत बसत नाही, कारण तो ‘शीतल’पासून आला असून त्याचा रोख वाळण्याकडे नसून निवण्याकडे आहे.

‘ड्राय’ आणि ‘ड्राइड’ यांची अदलाबदल मात्र करू नये. पहिला शब्द स्थिती सांगतो आणि दुसरा त्यामागची क्रिया. ‘ड्राइड’ फुले जपून ठेवण्यासाठी मुद्दाम सुकवलेली असतात. फुलदाणीत पाण्याविना माना टाकलेली फुले ‘विदर्ड’ म्हणवली जातात. आणि दव किंवा पाऊस न लागलेली, झाडावरची टवटवीत फुले एकाच वेळी ‘ड्राय’ही असतात आणि ‘फ्रेश’ही.