पिल्लाचा पुढचा पाय बाहेर वळतोय. ऑपरेशन आत्ताच करावं की मोठं झाल्यावर?

तुमचा लॅब्रेडॉर साडेचार महिन्यांचा. जिन्यावरून पडला आणि महिन्याभरात पुढचा उजवा पाय मनगटापासून बाहेर वळायला लागला. "कॅल्शियम द्या, वाढेल तसा सरळ होईल" असं तुम्हाला सांगितलंय. कृपा करून थांबू नका, याच आठवड्यात एक्स-रे काढा. असल्याच सल्ल्यावर माझे पाच आठवडे गेलेत.

आमचा कारवानी जातीचा कुत्रा चार महिन्यांचा असताना उसाच्या ट्रॉलीवरून खाली पडला. दोन दिवस लंगडला. एक्स-रेत हाड मोडलेलं नव्हतं, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. मग एका सकाळी अंगण धुतल्यावर तो ओल्या पायांनी फरशीवरून गेला. डाव्या पंजाचे ठसे सरळ होते, उजव्याची बोटं मात्र बाहेर, दाराकडे.

कोपर ते मनगट दोन हाडं असतात, रेडियस आणि अल्ना. दोन्ही बरोबरीनं वाढावी लागतात. अल्नाची साधारण ८५ टक्के वाढ मनगटाजवळच्या ग्रोथ प्लेटमधून, म्हणजे हाडाच्या टोकाजवळच्या वाढणाऱ्या मऊ कूर्चेतून होते. कुत्र्यात ही प्लेट शंकूसारखी असते, त्यामुळे आडवा मार बसला तरी ती चेंगरते, आणि ते पहिल्या एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. प्लेट मिटली की अल्ना थांबते, रेडियस वाढतच राहतं. मग आखूड अल्ना धनुष्याच्या दोरीसारखी त्याला ओढून धरते. पाय वाकतो ते डोळ्यांना दिसतं, पण आत कोपराचा सांधाही जागचा हलत असतो. मला खरी भीती त्याची वाटते, कारण तिथं पुढे कायमचा संधिवात बसतो.

वाढ शिल्लक असताना ऑपरेशन तुलनेनं छोटं असतं. अल्नाचा एक तुकडा काढतात, म्हणजे दोरीच कापली. मोकळ्या जागेत कुत्र्याच्याच अंगातली चरबी भरतात, नाहीतर पिल्लांचं हाड भराभर जुळून पाय परत अडकतो. त्यानंतर रेडियस वाढता वाढता बरंचसं सरळ होतं. वाढ संपल्यावर मात्र रेडियसच कापून, फिरवून धातूची पट्टी किंवा बाहेरची सळ्यांची चौकट लावावी लागते. मोठ्या जातीत वाढ साधारण वर्षाच्या आतबाहेर संपते, पण सगळ्यात जास्त वेग आत्ताच असतो. म्हणून तुमचा एकेक आठवडा मोलाचा आहे.

एक्स-रे दोन्ही पायांचे, दोन बाजूंनी काढा. कोपर आणि मनगट एकाच फोटोत यायला हवं. दोन्ही पाय सारखेच वाकत असतील आणि पिल्लू नुसत्या चपाती-दुधावर किंवा नुसत्या मटणावर वाढत असेल, तर आधी आहार तपासा. तिथं कॅल्शियमचा प्रश्न खरा असू शकतो. पण चांगलं पपी फूड चालू असताना वरून कॅल्शियम देऊ नका. पिल्लाच्या आतड्याला जादाचं कॅल्शियम नाकारता येत नाही आणि मोठ्या जातीत त्यानंच हाडं बिघडतात. दुखतंय म्हणून घरातलं ब्रुफेन तर अजिबात नको.

कोल्हापुरात हाडांचं ऑपरेशन करणारे डॉक्टर मिळाले नाहीत तर पुणे हायवेवर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून विचारा आणि फोटो सोबत न्या.

आमच्या कारवानीचं ऑपरेशन साडेपाचव्या महिन्यात झालं. सहा आठवडे पट्ट्याशिवाय बाहेर नाही, जिना नाही, उड्या नाहीत; मधे मधे एक्स-रे. आता तो शेताच्या बांधावरून सुसाट पळतो. उजवा पंजा अजून थोडा बाहेर पडतो आणि थंडीत सकाळी कोपर जरा आखडतं. ते पाच आठवडे त्या कोपरात राहिलेत.