लहानग्याचा दुसरा वाढदिवस की तिसरा?

प्रश्न: आम्ही मुलुंडला राहतो. मी फोर्टला नोकरीला, हे ठाण्याला. मुलगी पाच वर्षांची, मुलगा वीस महिन्यांचा. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,७२,०००. घराचा हप्ता ६१,०००, शाळा आणि पाळणाघर २४,०००, घरखर्च ४८,०००, एसआयपी १२,०००, विम्याचे महिन्याला साधारण ५,०००. एफडी चार लाखांची आहे. मे महिन्यात सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझचा विचार आहे. विमानासकट आतल्या केबिनचे ४,१०,००० आणि बाल्कनीच्या केबिनचे ४,७२,००० सांगितलेत. एजंट म्हणतात, बाळ दोन वर्षांचं व्हायच्या आत जा, त्याच्या विमानाच्या तिकिटाचे २४,००० वाचतील. अडीच लाख एफडीतून काढायचे, १,६०,००० कार्डावर वर्षभराच्या हप्त्यांनी, आणि यांचा मार्चचा दीडेक लाखाचा बोनस वरच्या खर्चाला. दुसरा पर्याय मुंबई–गोवा, दोन रात्री, बरोबर सासूबाई, दोन केबिनचे मिळून १,१०,०००. खरं सांगायचं तर आम्हाला जहाजाचं वेड नाही. मुलं झोपल्यावर आम्ही दोघं तासभर शांत बसलोय, असं शेवटचं कधी झालं ते आठवत नाही. त्यासाठी एवढा खर्च करावा का?

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात वर धरते, कारण हिशेब तिथूनच सुरू होतो. तुम्हाला सिंगापूर नको आहे, संध्याकाळ हवी आहे. ही गरज खरी आहे आणि तिच्यावर पैसे खर्च करणं मला मुळीच चैनीचं वाटत नाही. प्रश्न एवढाच, की ४,१०,००० देऊन ती संध्याकाळ तुमच्या हाती येणार आहे का. या मे महिन्यात येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

लहान मूल बरोबर असताना जहाजावरची संध्याकाळ कशी जाते, ते आधी सांगते. आमची मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही आतल्या केबिनमध्ये चार रात्री काढल्या. आतली केबिन म्हणजे खिडकी नाही, साधारण दीडशे-पावणेदोनशे चौरस फूट. पाळणा मांडला की बाथरूमचं दार अर्धंच उघडायचं. पहिल्या रात्री सव्वाआठला तिला झोपवलं, दिवे घालवले आणि मग लक्षात आलं की आता आपल्याला बसायला जागाच नाही. वर थिएटरात कार्यक्रम रंगलेला, आणि आम्ही दोघं बाथरूमच्या दाराशी जमिनीवर, फटीतून येणाऱ्या उजेडात, कुजबुजत. पापडाची पिशवी उघडली तर तिच्या आवाजाने मुलगी कुशीवर वळली, म्हणून पिशवी तशीच बाजूला ठेवली. दुसऱ्या रात्रीपासून कुजबुजही थांबली. दोघं आपापला फोन घेऊन पडलो. घरी तेच करत होतो.

काही आईबाबा बेबी मॉनिटर लावून बाहेर जातात. कृपा करून हे करू नका. पोलादी भिंतींत सिग्नलचा भरवसा नसतो, आणि रात्री धोक्याची घंटा वाजली तर तुम्ही सातआठ मजले वर आणि बाळ खाली, कुलपाच्या आत.

मग मोठ्या जहाजांवर आईबाबांना मोकळीक मिळते ती कशी? मुलांच्या क्लबमुळे. मुलं तिथे खेळतात, आईबाबा जेवतात, कार्यक्रम बघतात. बहुतेक ठिकाणी हा क्लब तिकिटातच धरलेला असतो, साधारण रात्री दहापर्यंत. पुढे जागायचं तर तासावर पैसे. पण प्रवेश बहुधा तीन वर्षांपासून, आणि मूल शी-शू सांगणारं हवं. डायपरमधलं मूल तिथे सहसा घेत नाहीत. काही जहाजांवर तीन वर्षांखालच्या बाळांसाठी वेगळं पाळणाघर असतं; रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर आणि डिस्नेच्या जहाजांवर सहा महिन्यांपासून पुढच्या बाळांना ठेवतात. तिथे तासाला पैसे पडतात आणि जागा मोजक्या असतात. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये अशा पाळणाघराचा उल्लेखही नाही.

म्हणजे मे महिन्यात मुलगी क्लबात जाऊ शकेल आणि तेवीस महिन्यांचा मुलगा तुमच्यापैकी एकाच्या कडेवर राहील. एक जण जेवेल, दुसरा फेऱ्या मारेल. हे तुम्हाला मुलुंडच्या हॉटेलातही जमतं.

बाल्कनी घेतली तर? बाळ आत झोपलं, मधलं काचेचं दार लावलं, बाहेर दोन खुर्च्या आणि समोर समुद्र. मुलं लहान असताना बाल्कनीवर खर्च करावा, असं मी एरवी सांगते, कारण झोपलेल्या बाळापासून चार पावलांवर बसता येईल अशी जहाजावर तेवढीच जागा असते. पण इथे एक अडचण आहे, ती घड्याळाची. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तुमची मुलं घरी दहाला झोपत असतील, तर जहाजावर त्यांना झोप येईल ती साडेबारा वाजता. चार रात्रींत लहान मुलाचं अंग त्या घड्याळाला पुरतं सरावेलच असं नाही. साडेबारापर्यंत बाळ जागं असेल, तर बाल्कनीचे जादा ६२,००० म्हणजे रात्रीला साडेपंधरा हजार देऊन तुम्ही त्याला आळीपाळीने खेळवणार.

आता एजंटच्या २४,००० रुपयांकडे येऊ. दोन वर्षांखालच्या बाळाला विमानात मांडीवर नेता येतं आणि तिकीट नाममात्र पडतं, हे खरं आहे. परतीच्या दिवशीही वय दोनच्या आत हवं, तेही तुमच्या बाबतीत कसंबसं बसतंय. पण ते दुसऱ्या वाढदिवसाकडे बघतायत, तुम्ही तिसऱ्याकडे बघा. मुलगा तीनचा झाल्यावर गेलात तर विमानाचे २४,००० जादा जातील, आणि क्लब मिळाल्यामुळे बाल्कनीचे ६२,००० लागणारच नाहीत. आजच्या भावाने ४,३४,०००, तेही सातपासून दहापर्यंतच्या चार मोकळ्या संध्याकाळींसकट. मे महिन्यात बाल्कनीसकट ४,७२,००० देऊन त्यातली एकही नक्की नाही. आणि तेव्हा घड्याळाचा तो अडीच तासांचा फरक उलट तुमच्या पथ्यावर पडेल. जहाजावर दहा वाजतील तेव्हा मुलांच्या अंगात साडेसातच वाजलेले असतील, क्लबात ती पेंगणार नाहीत.

पैसे कुठून आणायचे, याबद्दल मला जास्त काळजी वाटते. एसआयपी थांबवली तरी तुमचा महिन्याचा न टळणारा खर्च १,३८,००० आहे. चार लाखांची एफडी म्हणजे जेमतेम तीन महिने. त्यातले अडीच लाख काढलेत की उरतो एका महिन्याचा आधार. घराचं कर्ज चालू, दोन लहान मुलं, आणि उद्या दोघांपैकी एकाची नोकरी दोन महिने थांबली तर? या एफडीला सहलीसाठी हात लावू नका. यावर मी अडून बसेन. मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याज कापते ते वेगळंच.

कार्डाचं गणित असं. १,६०,००० रुपये १५ टक्क्यांनी बारा हप्त्यांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १४,४४०. व्याज साधारण १३,३००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, वर प्रोसेसिंग फी. हा महिन्याचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आज महिनाअखेर तुमच्याकडे २२,००० उरतात. त्यातले १४,००० रुपये आवर्ती ठेवीत टाका, पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे वीस महिने. साडेसहा टक्के धरले तर व्याजासकट २,९५,००० च्या आसपास जमतील. पुढच्या मार्चचा बोनस आला की ४,४५,०००. जे चौदा हजार तुम्ही सहलीहून आल्यावर वर्षभर बँकेला देणार होतात, तेच आधी स्वतःकडे साठवायचे. बोनस कमी आला किंवा आलाच नाही, तर मात्र सिंगापूर सोडायचं, ठेव मोडून कर्ज जोडायचं नाही. हे दोघांनी आजच ठरवून ठेवा. तेव्हा मोह होतो.

त्या कोटेशनात काय धरलेलं नाही, तेही विचारा. जहाजावरची बक्षिसी माणशी, दर दिवशी, डॉलरमध्ये लागते, आणि बऱ्याच कंपन्या ती मुलांचीही घेतात. वायफाय वेगळं, सहली वेगळ्या. आपल्या कार्डाने डॉलर खर्च केले की दोन ते साडेतीन टक्के वर जातात. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर, लागतो, त्याला घाबरू नका. तो विवरणपत्रात वळता होतो. बुकिंग ज्याच्या पॅनवर, त्याला तो मिळतो, एवढं बघा.

मग या मे महिन्याचं काय? गोव्याला जा. बोनस हातात आलेला असेल, त्यातून १,१०,००० द्या आणि उरलेले चाळीसेक हजार एफडीला जोडा. सासूबाई बरोबर असतील, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. घड्याळ आपलंच, व्हिसा नाही, पासपोर्ट नाही, बॅलार्ड पिअरला टॅक्सीने जायचं. आमच्या आजोबांच्या पिढीची पणजीची बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटायची. डेकवर सतरंज्या पसरायच्या, पोरं कुणा ना कुणा आत्या-मावशीच्या कुशीत झोपायची आणि मोठी माणसं कठड्याशी गप्पा मारत बसायची. आजी बरोबर असली की तेच जमतं. दोन केबिन महाग वाटतात, कारण केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडं आणि तिसऱ्या-चौथ्याला कमी असतं. तरीही दोनच घ्या. मुलं आजीजवळ झोपली की दुसरी खोली, डेक, कार्यक्रम, सगळं तुमचं. शक्यतो मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा, पुढे समुद्र उसळायला लागतो.

एक विनंती मात्र आहे. सासूबाईंशी आधी बोला. पहिली रात्र त्या मुलांजवळ, तर दुसऱ्या रात्री तुमच्यापैकी एक जण खोलीत आणि सासूबाई वर संगीताच्या कार्यक्रमाला. त्यांचीही ती सहल आहे. न बोलता गृहीत धरलं, तर त्या काही म्हणणार नाहीत, पण परतताना तुम्हालाच कळेल.

महिन्याच्या २२,००० मधून ठेवीचे १४,००० गेल्यावर उरलेल्या आठ हजारांतले चार एफडीत भर घालायला आणि चार दर महिन्याच्या दोन संध्याकाळींसाठी. हे चार हजार कापू नका. पाळणाघरातल्या मावशींना मुलं ओळखतात. महिन्यातून दोन शनिवारी सात ते साडेदहा त्या घरी येऊन बसतील का, विचारा आणि त्या वेळेचे नीट पैसे द्या. कालिदासला नाटक बघा, नाहीतर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर नुसते बसा. तुमची ही गरज वीस महिने थांबण्यासारखी नाही, पत्रावरून तरी मला ती आजचीच वाटते.

तोपर्यंत मुलाचा डायपर सुटेल. क्लबात मराठी कळणारं कुणी असेलच असं नाही, आणि घाईच्या वेळी तीन वर्षांचं मूल ‘शू आली’ असंच म्हणणार, म्हणून निघण्याआधी महिनाभर त्याच्या तोंडी ‘टॉयलेट’ हा शब्द बसवा. बहीण तेव्हा सात वर्षांची असेल आणि वयोगट वेगळे असतात; पहिल्या संध्याकाळी दोघांना एकत्र बसू देतील का, ते कंपनीकडून लेखी घ्या.

आणि गोव्याचं बुकिंग करताना दोन्ही केबिन शेजारी-शेजारी मागा, जमल्यास मधून दार असलेल्या. सासूबाईंना खालचा बेड मिळेल ना, तेही आधीच विचारून घ्या. तिसरा-चौथा बर्थ बहुधा वर असतो आणि त्यावर शिडीने चढावं लागतं.