घरच्या सॉनाला सागवान लावू का?

तुम्ही लिहिलंय की संभाजीनगरच्या बंगल्यात सहा बाय पाच फुटांची खोली सॉनासाठी, म्हणजे तापलेल्या हवेत बसून घाम काढायला, काढलीय आणि मिस्त्री म्हणतायत, 'सागवानच लावा, पुन्हा बघायला नको.' त्यांना दोष देत नाही. आयुष्यभर चौकटी आणि पलंग केलेला माणूस दुसरं काय सांगणार? आमची नांदेडला लाकडाची वखार आहे, किनवटचं सागाचं जंगल आमच्याच जिल्ह्यात. सागाला नावं ठेवणं माझ्या जिवावर येतं. तरी सांगतो, बसायच्या बाकाला साग नको.

सॉनात हवा ७० ते ९० अंशांवर असते आणि तुम्ही उघड्या अंगाने बसता. लाकूड जेवढं जड, तेवढी त्यात उष्णता जास्त मावते आणि ती कातडीला तेवढीच झटकन लागते. साग घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास, शिसव त्याहून जड. फिनलंडमध्ये बाकाला अ‍ॅस्पेन किंवा अल्डर ही हलकी लाकडं वापरतात. आफ्रिकेतलं अबाशी तर चारशेच्याही आत भरतं, फळी उचलली की आतून पोकळ आहे की काय असं वाटतं. एरवी आपण 'भारी लाकूड' म्हणून कौतुक करतो, इथे नेमकं उलटं.

पटत नसेल तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता गच्चीवर बाभळीचा तुकडा आणि पॅकिंगच्या खोक्याची हलकी फळी शेजारी शेजारी ठेवा. तासाभराने दोन्हींवर तळहात टेका. बाभळीवरचा हात आधी उचलाल.

आम्ही पहिला सॉना केला तेव्हा मी स्वतः शेण खाल्लंय. बाहेरून आलेलं पाइन स्वस्तात मिळालं, दिसायला छान, फक्त गाठी बऱ्याच होत्या. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन, 'अहो, बाकाला डिंक सुटलाय.' जाऊन बघतो तर प्रत्येक गाठीतून मधासारखे राळेचे थेंब, आणि त्यांचा टॉवेल फळीला चिकटलेला. गाठ आजूबाजूच्या लाकडापेक्षा घट्ट, म्हणून तापतेही जास्त; पाठीला रुपयाएवढे चटके बसत होते. अख्खा बाक काढून पदरच्या पैशाने नवा करून दिला. तेव्हापासून बाकाला एक गाठ चालवून घेत नाही. भिंतीला स्प्रूस किंवा हेमलॉक घेतलंत तर चार-दोन गाठी खपतात, तिथे कोण टेकून बसतंय?

आपल्याकडे मला सगळ्यात पसंत आहे ते थर्मोवूड. वाफेत १८० अंशांच्या वर तापवलेलं लाकूड. राळ निघून जाते, रंग कॉफीसारखा होतो आणि पुढे ते फुगणं-आकसणं कमी करतं. उन्हाळ्यात तडकवणारी आणि श्रावणात फुगवणारी आपली हवा बघता हे महत्त्वाचं. जरा ठिसूळ होतं, म्हणून स्क्रूआधी छिद्र पाडायलाच लावा.

बजेट कमी असेल तर पॉप्लर बघा. यमुनानगरकडे प्लायवूडला जातं ते, अ‍ॅस्पेनचंच भाऊबंद. भट्टीत वाळवलेलं, ओलावा १० टक्क्यांच्या आसपास असलेलंच घ्या. ओलं आणलंत तर महिन्याभरात फळ्यांची केळी होतील.

आंब्याला किडा लागतो, विषय संपला. प्लाय आणि एमडीएफ आत अजिबात नको, गरम झाल्यावर त्यातला गोंद नाकात जातो. पॉलिश-व्हार्निशही नको, लाकूड कोरंच ठेवायचं. बाकाच्या पट्ट्यांत बोटभर फट ठेवा आणि स्क्रू खालून मारा. तापलेलं डोकं मांडीला लागलं की कळतं का ते. वाळवीसाठी सांगाडा थेट जमिनीवर न ठेवता शहाबादी फरशीवर उभा करा. बाहेरच्या चौकटीला मात्र खुशाल साग लावा, मिस्त्रींचाही मान राहील.

पाणी किती लागेल असंही विचारलंय. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलेलं २०१६ साल बघितलेल्या माणसाला ही धास्ती असणारच, पण हीटरवरच्या तापलेल्या दगडांवर पळीपळीने टाकायचं असतं, अर्धी बादली पुरून उरते. वीज खरी खाते. खोली सात फूट उंच धरली तर जवळजवळ ६ घनमीटर होते, घनमीटरला साधारण १ किलोवॉट या हिशेबाने ६ किलोवॉटचा हीटर लागेल. त्यामुळे वखारीत जायच्या आधी घरचं कनेक्शन किती लोडचं आहे ते वायरमनकडून बघून घ्या.